डबा कुठे टांगायचा? विदर्भाच्या उन्हातला गारव्याचा भूगोल

२३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. चंद्रपूरने त्याआधीच, २००७ च्या जूनमध्ये, ४९ गाठले होते. आता दुकानात उभ्या असलेल्या एसीकडे बघा. त्याचा ‘दीड टन’ कुठल्या हवेत मोजतात? बाहेर ३५ अंश असताना! नागपूरकरांना मे महिन्यात ३५ अंश भेटतात ते रात्री जेवणं उरकल्यावर. पारा जसा वर जातो तसा त्या दीड टनाचा जोर कमी होत जातो आणि वीज मात्र जास्त लागते. खोक्यावरच्या चांदण्यांचा हिशेबसुद्धा २४ ते ४३ अंशांमधल्या हवेवर बेतलेला आहे. विदर्भाचा खरा मे त्याच्या पलीकडे सुरू होतो. म्हणून इथे मशीन कुठलं घेतलं याच्याइतकंच ते कुठे लावलं यालाही महत्त्व आहे. बाहेरच्या युनिटची जागा तर सगळ्यात आधी ठरवावी, कपाट आणि पलंग नंतर.

या ‘टना’ची गोष्ट मजेदार आहे. त्याचा मशीनच्या वजनाशी संबंध नाही. सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढा एक टन. दीड टनाचा एसी भर जोरात खोलीतून साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता उपसतो आणि त्यासाठी स्वतः दीडेक किलोवॅट वीज खातो. हे सगळं मिळून जवळपास सात किलोवॅट बाहेरच्या डब्यातून ओतलं जातं. घरातले तीन गीझर एकाच वेळी सुरू ठेवल्यासारखं.

आता हे तीन गीझर कुठे टांगणार? बिल्डर डक्ट दाखवतो. दिसायला छान, दर्शनी भिंत स्वच्छ. पण चारी बाजूंनी बंद डक्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या युनिटची गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्याचं युनिट तीच ओढून घेतं. बाहेर ४४ अंश असताना त्या डब्याच्या नाकाशी त्याहून कितीतरी गरम हवा येते. मग गॅसचा दाब वाढतो, कॉम्प्रेसर स्वतःला वाचवायला बंद पडतो. ‘रात्री छान चालतो, दुपारी तीनला बंद पडतो’ ही तक्रार ऐकली की गॅस भरायला सांगण्याआधी डबा कुठे श्वास घेतोय ते बघावं. काचा लावून बंद केलेली बाल्कनी, समोर दाट जाळी, दोन घरांचे समोरासमोर फुंकणारे डबे, सगळीकडे आजार हाच.

मग उन्हाचं काय? इथे मला सगळ्यात आवडणारी माहिती. डब्यावर सावली केली की बिल घसघशीत उतरतं, असं सर्रास मानलं जातं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा सोलर एनर्जी सेंटरने १९९० च्या दशकात खऱ्या घरांवर हे मोजून पाहिलं. बचत निघाली सरासरी तीन टक्क्यांच्याही आत! कारण सरळ आहे. डब्यातून तासाला इतकी प्रचंड हवा जाते की पत्र्यावर पडणारं ऊन त्यापुढे किरकोळ ठरतं. डब्याला हवा किती गरम मिळते, ती मोकळी मिळते का, यावर सगळं अवलंबून. तेव्हा सावली जरूर असावी, पण वर खूप उंच आणि समोरून मोकळी. डब्याला चिकटून पत्र्याचं घरटं बांधलं, तर सावलीने वाचवलेलं कोंडलेली हवा खाऊन टाकते.

दिशांचा हिशेबही आपल्या समजुतीपेक्षा वेगळा आहे. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २१ अंशांवर. २६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेला असतो! म्हणजे ऐन मे महिन्यात दक्षिण भिंतीवर दुपारी जेमतेम ऊन असतं, छोटासा सज्जाही तिला पुरतो. खरी छळवादी भिंत पश्चिमेची. हवा सर्वांत तापलेली असते त्याच वेळी तिच्यावर तिरपं ऊन येतं, आणि भिंत ते साठवून रात्री परत देते. पश्चिम सोडून दुसरी मोकळी भिंत मिळत असेल तर तीच घ्या. गच्चीवर ठेवायचं असेल तर डबा तापलेल्या स्लॅबवर टेकवू नका, उंच स्टँडवर चढवा. डब्यावर ओली पोती टाकण्याचा किंवा पाणी मारण्याचा उपाय मात्र नकोच. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचे क्षार जाळीवर बसतात आणि हवेची वाट बुजवतात.

आतल्या युनिटचं थोडक्यात. ते वर हवं, कारण गार हवा जड असते, आपसूक खाली येते. त्याच्यावर खिडकीतून थेट ऊन पडत असेल, तर त्याचा सेन्सर फसतो आणि मशीन उगाच धावत राहतं.

आता विदर्भाचा लाडका, कूलर. याचा नियम एसीच्या बरोबर उलटा! एसीला दारं-खिडक्या बंद लागतात, कूलरला उघड्या. तो खिडकीबाहेर स्टँडवर हवा आणि त्याच्या समोरच्या बाजूने हवा जायला वाट हवी. जी खिडकी उघडाल त्या दिशेने गारवा चालत जातो. पलीकडच्या खोलीची उघडली, तर मधली खोलीही गार होते. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या दुपारी चांगला कूलर हवा २८ च्या आसपास आणू शकतो. पाऊस आल्यावर, ३५ अंश आणि ६० टक्क्यांत, तोच कूलर ३० च्या खाली आणताना दमतो आणि चिकचिक वाढते. तासाला दहा लिटर पाणी उडालं, तर जवळपास दोन टनांच्या एसीएवढी उष्णता शोषली जाते, तीही एका पंख्याच्या आणि छोट्या पंपाच्या विजेवर. टाकीत बर्फ टाकणाऱ्यांसाठी एक आकडा: एक किलो बर्फ वितळून जेवढी उष्णता ओढतो, त्याच्या सातपट एक लिटर पाणी वाफ होऊन ओढतं. बर्फाचे पैसे वाचवा, वाळ्याची ताटी बदला! फक्त टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करा. डेंग्यूचा डास अंड्यातून बाहेर पडून उडायला साधारण तेवढाच वेळ घेतो.

एकाच खोलीत कूलर आणि एसी दोन्ही एकदम लावायचे का? मुळीच नाही. विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जे यंत्र आखलं, ते कागद फुगू नये म्हणून हवेतला ओलावा काढायला. एसीचा तो स्वभाव अजून तसाच आहे. कूलर ओलावा भरत राहणार आणि एसी पैसे मोजून तो काढत राहणार.

यातूनच पुढचा सल्ला निघतो, आणि तो एसी बसवायला आलेल्या मेकॅनिकसमोरच अमलात आणावा. कोरड्या मे महिन्यात इथला एसी फारसं पाणी गाळत नाही. म्हणून ड्रेनच्या नळीला उतार नसला तरी ते कळत नाही. जुलैत ओल वाढते आणि धार थेट भिंतीवरून उतरते. बसवल्या दिवशीच आतल्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतायला सांगा, आणि ते बाहेरच्या टोकातून पडताना स्वतः पाहा.