नदीचे वाटेकरी

निघोजे हे खेड तालुक्यातील गाव इंद्रायणीच्या काठी वसलेले आहे. येथील पाणी पुढे आळंदीस पोचते, तुळापूरला भीमेस मिळते आणि भीमेबरोबर कृष्णेत जाऊन शेजारच्या राज्यांची शेते भिजविते. वाटेकरी पुष्कळ, म्हणून तंटेही होतात. असा तंटा मिटविण्यासाठी १९६९ साली कृष्णा पाणी तंटा लवाद नेमण्यात आला. १९७६ च्या अंतिम निवाड्याने महाराष्ट्राच्या वाट्यास ५६० अब्ज घनफूट पाणी आले.

परंतु राज्याचा वाटा शेवटच्या शेतापर्यंत पोचेलच असे नाही. त्यासाठी २००५ च्या कायद्याप्रमाणे कालव्यावरील शेतकरी पाणी वापर संस्था स्थापतात. पाणी मोजून घेतात, पाळ्या ठरवितात व पाणीपट्टी भरतात. वरच्याने खालच्याची तहान ओळखली, तरच नदी सर्वांची राहते.