न फिटणारा हिशेब

नागपाडा आणि दो टाकीच्या मधल्या मौलाना आझाद रस्त्याला जुने मुंबईकर अजूनही डंकन रोड म्हणतात. १९१७ साली या रस्त्यावरच्या एका कुंटणखान्यात अकुताई नावाच्या बाईचा खून झाला. तिने तिथून निसटायचा प्रयत्न केला होता. त्याची शिक्षा म्हणून तिचे इतके हाल केले की ती वाचली नाही. कुंटणखाना चालवणाऱ्यांवर खटला भरला गेला आणि आत बायका कशा कोंडून ठेवलेल्या असतात, ते कोर्टात साऱ्या शहरासमोर आलं. १९२३ मध्ये मुंबई प्रांतात वेश्याव्यवसायाला आळा घालणारा कायदा झाला, त्यामागे या प्रकरणाचा धक्काही होता.

जगाचं लक्ष तेव्हा दुसरीकडे होतं. कामाठीपुऱ्यातल्या ज्या गल्लीत युरोपातून आलेल्या बायका असत, तिला लोक सफेद गल्ली म्हणत. मुली पळवून विकण्याच्या धंद्याविरुद्ध १९०४ मध्ये पॅरिसला पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या नावातच मुळी ‘गोऱ्या गुलामांचा व्यापार’ असे शब्द होते. ‘गोऱ्या’ हे विशेषण गळायला १९२१ उजाडावं लागलं. सफेद गल्लीपासून डंकन रोड चालत काही मिनिटांवर, पण कोल्हापूर, बेळगावकडून आलेल्या बाईची फिकीर करायला साम्राज्याला एक खून पडावा लागला.

मानवी तस्करी म्हटलं की डोळ्यांसमोर साखळदंड, तळघर, बेशुद्ध करून पळवलेली मुलगी असं काहीतरी येतं. तसंही घडतं. मात्र हा धंदा चालतो तो मुख्यतः वहीवर. नोकरी लावतो, लग्न लावून देतो असं सांगून कुणीतरी ओळखीचाच माणूस मुलीला शहरात आणतो आणि घरवालीला, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईला, विकतो. घरवालीने दलालाला मोजलेली रक्कम मुलीच्या नावावर कर्ज म्हणून चढते. पुढे खाटेचं भाडं, जेवण, साड्या, डॉक्टर, पोलिसांचा हप्ता हेही तिच्याच खाती, आणि वर व्याज. पहिली काही वर्षं तिच्या हाती छदामही पडत नाही. पुढे कधीतरी ती ‘अधिया’वर येते, म्हणजे कमाईतला अर्धा वाटा तिचा, आणि त्या अर्ध्यातून पुन्हा जुनी बाकी वळती होते. वही घरवालीकडे, अक्षर तिचं, बेरीजही तीच करणार. एवढं झालं की दाराला कुलूप असलं काय आणि नसलं काय.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट अशी की कायद्याच्या नजरेत हे कर्ज मुळात अस्तित्वातच नाही. अनैतिक कामासाठी केलेला करार रद्दबातल, असं १८७२ च्या करार कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे १९१७ मध्येसुद्धा डंकन रोडवरची कोणतीही बाई असल्या कर्जापोटी एक पैदेखील देणं लागत नव्हती. पुढे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार दोन्ही निषिद्ध ठरवले. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने तर असं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपवली. मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठी कोयता हातात घेणाऱ्या बीडच्या जोडप्याला ती फिटेपर्यंत जबरीने राबवलं, तर तेही याच कायद्याखाली येतं. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. जबरदस्ती म्हणजे केवळ दंडुका नव्हे; भुकेपोटी किमान वेतनाहून कमी पैशांत राबावं लागणं हीसुद्धा जबरदस्तीच, असा तो निकाल आहे. एवढं सगळं कागदावर असताना वही टिकते, कारण ती फाडून बाई बाहेर पडली तर जाणार कुठे, या प्रश्नाचं उत्तर कायद्याने कधी धड दिलेलं नाही.

दामोदर हॉल म्हटलं की गिरणगावच्या माणसाला कामगार रंगभूमी आठवते. परळच्या याच हॉलमध्ये १६ जून १९३६ रोजी कामाठीपुऱ्यातल्या देवदासी, जोगतिणी, आराधी यांची सभा भरली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्याशी बोलले. हे जिणं सोडा, असं त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता सांगितलं. मग पोट कसं भरायचं, असा प्रश्न समोरून येणार हे त्यांना ठाऊक होतं. त्याचं उत्तर मी देणार नाही, मार्ग शेकडो आहेत, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. धर्मांतराच्या घोषणेला वर्षही झालं नव्हतं. आपल्या माणसांना हलवून उभं करण्याची ती वेळ होती. त्या नेत्याच्या तोंडी ते शोभतं. सरकारनेही हाच पवित्रा घ्यावा, हे मात्र शोभत नाही.

फेब्रुवारी १९९६ मध्ये नेमकं तेच दिसलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पोलिसांनी कामाठीपुरा परिसरात मोठे छापे घातले. चारशेहून अधिक मुली-बायका सोडवल्या गेल्या, त्यांतल्या बऱ्याच नेपाळच्या होत्या. वर्तमानपत्रांत मथळे झळकले. मग कळलं की एवढ्या जणींना ठेवायला जागाच नाही. सुधारगृहांत दाटीवाटीने कोंबलेल्या या मुलींना परत न्यायला नेपाळ सरकार नाखूश होतं. अखेर तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी जुलैत सुमारे सव्वाशे मुली परत नेल्या. तोवर महिने उलटले होते. त्यांतल्या कित्येकींना आपण सुटलो की पकडले गेलो, हे सांगता आलं असतं का, याची मला शंका आहे.

कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ या प्रीती आणि प्रवीण पाटकरांच्या संस्थेने आणखी एक भोक हेरलं. छाप्यात सापडलेल्या मुलीला सोडवायला वकील यायचा, तो घरवालीनेच पाठवलेला. त्याची फीदेखील पुन्हा मुलीच्याच खाती. ‘प्रेरणा’च्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २००२ मध्ये ही वाट बंद केली. अल्पवयीन मुलीचा ताबा बालकल्याण समितीकडे आणि आरोपीच्या वकिलाने मुलीच्या बाजूने उभं राहायचं नाही, असं ठरलं.

याला दुसरी बाजूही आहे. सप्टेंबर २०२० मध्ये न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी (माजी मुख्यमंत्री वेगळे) सुधारगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान तरुणींना मोकळं केलं. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात शरीरविक्रय हा स्वतःहून गुन्हा नाही, आणि सज्ञान बाईला तिच्या मनाविरुद्ध ‘संरक्षणा’त ठेवता येत नाही, असं त्यांनी म्हटलं. सोडवणाऱ्यांना हा निकाल टोचला. मला तो बरोबर वाटतो. घरवालीच्या खोलीतून काढून सरकारच्या खोलीत ठेवलं की काम झालं, ही समजूत त्याने मोडली.

वही फक्त कामाठीपुऱ्यात नाही. तिथून हाकेच्या अंतरावर मदनपुऱ्यात जरीच्या कारखान्यांत बिहारची पोरं आईबापांना दिलेल्या आगाऊ रकमेपोटी बसवलेली असत. २००५ मध्ये तिथे छापे पडले. आणि अलीकडे ‘महाराष्ट्र सायबर’ने म्यानमारमधून सोडवून आणलेली मुलं तर शिकलेली होती. थायलंडमध्ये नोकरी म्हणून नेलं, पासपोर्ट काढून घेतला आणि संगणकापुढे बसवून लोकांना फसवायला लावलं. अशा अड्ड्यांवर सुटका हवी असेल तर आधी ‘खर्च’ भरा म्हणतात. हिशेब तोच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या श्रमात अडकलेली होती.

सुटलेल्यांसाठी केंद्राची २०१६ ची वेठबिगार पुनर्वसन योजना आहे. कुंटणखान्यातून किंवा तस्करीतून सुटलेल्या बाईला किंवा बालकाला तीत तीन लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. तातडीची मदत सुरुवातीला वीस हजार होती, पुढे तीस हजार झाली. उरलेली रक्कम मात्र आरोपीला शिक्षा होण्याशी बांधलेली. म्हणजे खटला निकाली निघेपर्यंत, साक्षीदार फुटले नाहीत तर, बाईने थांबायचं. घरवाली उधारीवर का होईना, पण त्याच दिवशी जेवायला घालत होती.