बंदी प्रत्यक्षीकरण खटला (१९७६)

'अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला' हा भारताच्या सर्वोच्च न्यायालयात आणीबाणीच्या काळात चाललेला खटला बंदी प्रत्यक्षीकरण खटला या नावाने ओळखला जातो. राष्ट्रपतींचा आदेश लागू असेपर्यंत स्थानबद्ध व्यक्तीला आपल्या अटकेविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निर्णय पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने दिला.

संज्ञा

मराठीत 'बंदी' म्हणजे मनाई, हा अर्थ अधिक रूढ असल्याने विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. प्रस्तुत संज्ञेत तो शब्द 'कैदी' या अर्थाने आला आहे. अटकेतील माणसाला समोर हजर करा आणि त्याला कोणत्या कायद्याने डांबले ते सांगा, असा न्यायालयाचा आदेश म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरण. इंग्रजी कायद्यात त्याला 'हेबिअस कॉर्पस' म्हणतात. या अर्जात माणूस दोषी की निर्दोष याचा निवाडा होत नाही. त्याला डांबणाऱ्याला तसा अधिकार होता काय, एवढेच तपासले जाते.

पार्श्वभूमी

२५ जून १९७५ रोजी 'अंतर्गत अशांतता' या कारणास्तव आणीबाणी घोषित झाली. २७ जूनला राष्ट्रपतींनी अनुच्छेद ३५९ खाली आदेश काढून अनुच्छेद १४, २१ व २२ मधील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार स्थगित केला. अटकेचे साधन होते १९७१ चा अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजेच 'मिसा'. अटकेची कारणे स्थानबद्धाला सांगण्याचे बंधनही नंतरच्या दुरुस्त्यांनी काढून टाकले. शहा आयोगाच्या अहवालानुसार आणीबाणीत सुमारे ३५ हजार व्यक्ती मिसाखाली स्थानबद्ध होत्या. त्यांत विरोधी पक्षांचे नेते होते, तसेच साधे कार्यकर्ते आणि पत्रकारही होते.

अनेक स्थानबद्धांनी उच्च न्यायालयांत धाव घेतली. आदेशात चुकीचाच माणूस पकडला गेला असेल, किंवा आदेश दुष्ट हेतूने काढला असेल, तर ते तपासण्याचा अधिकार आम्हांला आहे, अशी भूमिका नऊ उच्च न्यायालयांनी घेतली. मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ त्यांपैकी एक होते. या निर्णयांविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

सुनावणी व निकाल

शांतिभूषण, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे इत्यादींनी स्थानबद्धांची बाजू मांडली. सरकारतर्फे महान्यायवादी निरेन डे होते. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीवच घेतला तर त्यावर उपाय काय, असे न्या. हंसराज खन्ना यांनी त्यांना विचारले. आणीबाणी असेपर्यंत न्यायालयात उपाय नाही, असे उत्तर डे यांना आपल्याच युक्तिवादाशी सुसंगत राहून द्यावे लागले. वादाचे मर्म या एका प्रश्नोत्तरात सापडते.

सरन्यायाधीश अजितनाथ राय, न्या. मि. ह. बेग, न्या. य. वि. चंद्रचूड आणि न्या. प्र. न. भगवती यांनी सरकारची बाजू उचलून धरली. जीवित व स्वातंत्र्याच्या हक्काचे अनुच्छेद २१ हे एकमेव आश्रयस्थान आहे, ते स्थगित झाल्यावर मागण्यासारखे काही उरत नाही, असा त्यांचा मुख्य तर्क होता. दुसऱ्या महायुद्धातील 'लिव्हरसिज विरुद्ध अँडरसन' या इंग्रजी निवाड्याचा आधारही घेतला गेला. मात्र तेथे वाद सरकारचे कारण किती खोलवर तपासावे एवढाच होता; न्यायालयाचे दार बंद झालेले नव्हते.

स्थानबद्धांची देखभाल जवळपास मातेच्या ममतेने होते, अशा आशयाचे उद्गार न्या. बेग यांच्या निकालपत्रात आहेत. अभिनेत्री स्नेहलता रेड्डी या निकालानंतर मिसाखाली बंगळूरच्या तुरुंगात होत्या. त्यांना दम्याचा विकार होता. जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सुटका झाल्यावर काही दिवसांतच त्यांचे निधन झाले.

न्या. खन्ना यांचे भिन्नमत

जीविताचा हक्क राज्यघटनेने बहाल केलेला नाही, तो तिच्या आधीपासूनचा आहे. अनुच्छेद २१ नसते तरी कायद्याच्या आधाराविना कोणाचे प्राण वा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार शासनाला मिळाला नसता, असे न्या. खन्ना यांनी प्रतिपादन केले. शासनाला धोक्याच्या वेळी माणसे अटकेत ठेवता येतात, हे त्यांनी नाकारले नाही. ती अटक कायद्याला धरून आहे का, हे विचारण्याची सोय टिकली पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले. खन्ना यांनी राजीनामा दिला.

परिणाम

दार बंद असताना काय घडते, हे केरळातील राजन प्रकरणातून दिसले. कालिकतच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या या विद्यार्थ्याला पोलिसांनी १ मार्च १९७६ रोजी पकडून नेले. त्याच्या वडिलांनी केलेला बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केरळ उच्च न्यायालयात दाखल झाला तो आणीबाणी उठल्यावर, मार्च १९७७ मध्ये. त्याचा मृत्यू पोलिसांच्या ताब्यात केव्हाच झालेला होता. या प्रकरणापायी मुख्यमंत्री के. करुणाकरन यांना पद सोडावे लागले.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरवले. 'अंतर्गत अशांतता' हे शब्द जाऊन 'सशस्त्र बंडाळी' आले. न्या. भगवती यांनी २०११ मध्ये आपल्या निर्णयाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयतेच्या हक्कासंबंधीच्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा निकाल रद्दबातल ठरवला. तो सदोष असल्याचे निकालपत्रात लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे न्या. य. वि. चंद्रचूड यांचे पुत्र होत.

विनाचौकशी स्थानबद्धता मात्र अनुच्छेद २२ खाली आजही वैध आहे. सल्लागार मंडळाच्या संमतीवाचून ती तीन महिन्यांपर्यंत चालू शकते. ही मुदत दोन महिन्यांवर आणणारे कलम त्याच ४४ व्या घटनादुरुस्तीत होते. पण ते अमलात आणणारी अधिसूचना केंद्र सरकारने काढलेली नाही.