टॉकीजची उलंगवाडी होऊ देऊ नका

शेतकरी बंधूंनो, अमरावतीत पत्ता विचाराल तर चित्रा चौक, श्याम चौक, प्रभात चौक अशी नावे कानावर पडतील. ही नावे टॉकीजवरून पडली. एके काळी सी. पी. बेरार सर्किटच्या चित्रपट वितरणाचे अमरावती हे मोठे ठाणे होते. कापसाचा चुकारा हाती आला की मंडळी शहरात बाजार करायची, बायकापोरांसह एखादा खेळ पाहायची आणि मग गावाकडची गाडी धरायची.

पुढे घरोघरी टीव्ही आला, मॉलमध्ये मल्टिप्लेक्स आले, हातात मोबाईल आला. टॉकीज आधीच वाकली होती, करोनाने कंबरच मोडली. मार्च २०२० मध्ये दारे बंद झाली. नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडली. अमरावतीत तर २२ फेब्रुवारी २०२१ पासूनच पुन्हा लॉकडाऊन लागला. राज्यात पडदे पुन्हा उघडले ते २२ ऑक्टोबर २०२१ ला, तेही निम्म्याच खुर्च्यांवर.

आता तुम्हीच हिशेब करा. जिनिंग बंद असली म्हणून पहारेकऱ्याचा पगार, विजेचा स्थिर आकार, मालमत्ता कर थांबतो काय? टॉकीजचेही तसेच. शिवाय तिकिटाचा सारा पैसा मालकाच्या गल्ल्यात राहत नाही, वितरकाचा वाटा द्यावाच लागतो. पीव्हीआर आणि आयनॉक्स या बड्या कंपन्या २०२३ मध्ये एक झाल्या. तालुक्याच्या टॉकीजवाल्याने कोणाचा हात धरावा? त्याच्यामागे ऑपरेटर, डोअरकीपर, सायकल स्टँडवाला, भजे-चहावाला यांचीही चूल आहे.

यात्रेत तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजवाल्याचे हाल वेगळेच. यात्राच भरली नाही, तर त्याने तंबू ठोकावा कुठे?

लोकांना सिनेमा नको झाला, असे मात्र समजू नका. २३ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय सिनेमा दिनी तिकीट ७५ रुपये ठेवले, तर एका दिवसात देशभर सुमारे ६५ लाख लोक आले. अडचण आवडीची नाही, भावाची आहे, राजेहो! २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. याचा लाभ स्वस्त तिकिटाच्या टॉकीजलाच जास्त. मालकांनी तो प्रेक्षकापर्यंत पोचवावा.

सरपंच, ग्रामसेवक आणि यात्रा समितीच्या मंडळींना एक सांगणे. बहिरमसारखी मोठी यात्रा असो की गावची जत्रा, तंबूवाला आला तर त्याला वाटेला लावू नका. सिनेमाचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो. त्याचा कागद आधी पाहा. विजेची जोडणी, आग विझवण्याची सोय, बाहेर पडायच्या वाटा तपासा. सारे नीट असेल तर जागा द्या, भाडे बेताचे घ्या.

आणि शेतकरी बंधूंनो, तालुक्याला टॉकीज चालू असेल तर वर्षातून एकदोनदा घरच्यांना घेऊन जा. झाडावर बोंडं असताना कोणी उलंगवाडी करत नाही.