जुन्या शहराची नवी बांधणी : ग्वाल्हेरचा अनुभव

मध्यम आकाराच्या शहरांपुढे आज एक समान प्रश्न उभा आहे. शहराचा जुना मध्यभाग अरुंद रस्ते, जीर्ण इमारती व वाढती वाहतूक यांमुळे गुदमरू लागतो. त्याच भागातील जमिनीची किंमत मात्र दिवसेंदिवस चढत जाते. जीर्ण वास्तू व मौल्यवान भूमी यांच्या या संयोगातून पुनर्विकासाच्या योजना जन्मास येतात. कागदावर त्या आकर्षक दिसतात. तेथे पूर्वीपासून राहणाऱ्या, व्यापार करणाऱ्या आणि शेजारी वसलेल्या लोकांचा हिशेब योजनेत कितपत धरला आहे, यावर त्यांचे खरे यश अवलंबून असते. या दृष्टीने मध्य प्रदेशातील ग्वाल्हेर शहराचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार १० लाखांहून अधिक लोकवस्ती असलेले हे शहर मराठी माणसास परके नाही, आणि त्याचे प्रश्न महाराष्ट्रातील अनेक शहरांच्या प्रश्नांशी मिळतेजुळते आहेत.

छावणीतून उभे राहिलेले शहर

आजचे ग्वाल्हेर तीन वस्त्यांचे मिळून बनले आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी जुने ग्वाल्हेर, दक्षिणेस लष्कर आणि पूर्वेस मोरार. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस सैन्याचा तळ दिला. तंबूंच्या जागी पुढे वाडे उठले, वाड्यांभोवती बाजार भरले आणि तळाचे शहर झाले; नाव मात्र 'लष्कर' हेच राहिले. चिटणीसांची गोठ, खासगी बाजार, फालके बाजार, पाटणकर बाजार, शिंद्यांची छावणी ही तेथील मोहल्ल्यांची नावे त्या इतिहासाची साक्ष देतात. 'गोठ' हा शब्द म्हणजे सैन्याचा तळ या अर्थाचा मराठी 'गोट'च होय. मोरार येथे ब्रिटिशांची छावणी होती; ती १८८६ मध्ये किल्ल्यासह शिंदे सरकारकडे परत आली.

लष्कराचे हृदय म्हणजे महाराज बाडा अर्थात जयाजी चौक. 'बाडा' हे 'वाडा' या शब्दाचेच हिंदी रूप. चौकाच्या मध्यभागी जयाजीराव शिंदे यांचा पुतळा असून भोवती टाऊन हॉल, टपाल कार्यालय, स्टेट बँक, व्हिक्टोरिया मार्केट, शासकीय मुद्रणालय व गोरखी या वास्तू निरनिराळ्या शैलींत उभ्या आहेत. टांगे व बैलगाड्या यांच्या काळात आखलेल्या या चौकात दुकानदार, फेरीवाले, गिऱ्हाईक, वाहने व पर्यटक हे सर्व एकाच वेळी येऊ लागल्याने तेथील कोंडी वाढत गेली.

बाड्याचे नूतनीकरण

केंद्र शासनाने २५ जून २०१५ रोजी स्मार्ट सिटी अभियान सुरू केले. सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या यादीत ग्वाल्हेरचा समावेश झाला. त्याच यादीत महाराष्ट्रातील नाशिक, नागपूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली व तत्कालीन औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर ही शहरे होती. मार्च २०२५ अखेर या अभियानाची मुदत संपली. या काळात महाराज बाडा परिसरातील जुन्या वास्तूंची दुरुस्ती, दर्शनी भागांची स्वच्छता व पादचाऱ्यांसाठी मोकळी जागा ही कामे हाती घेण्यात आली.

व्हिक्टोरिया मार्केटचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. ही वास्तू अनेक वर्षे नावाप्रमाणेच बाजार होती. २०१० मधील आगीत तिची मोठी हानी झाली. पुढे इमारतीची डागडुजी होऊन तेथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे भूविज्ञान संग्रहालय उभे राहिले व डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. वास्तू वाचली, शहरास एक ज्ञानकेंद्र मिळाले, ही समाधानाची बाब आहे. तथापि इमारतीचा उपयोग बदलला, हेही तितकेच खरे. दगडी भिंत पूर्ववत करणे हे स्थापत्यशास्त्राचे काम आहे. त्या भिंतीच्या आश्रयाने चालणारा रोजगार पूर्ववत करणे हे निराळे काम असून त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागते. पुनर्विकासाच्या कोणत्याही आराखड्यात या दोन बाबी वेगवेगळ्या मांडल्या गेल्या पाहिजेत.

हा विचार नवा नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी १९१५ नंतरच्या काळात भारतातील अनेक शहरांची पाहणी केली. इंदूरविषयीचा त्यांचा अहवाल १९१८ मधील आहे. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रुंद रस्ते काढण्याऐवजी अगदी मोडकळीस आलेली घरे तेवढी काढावीत, लहान लहान मोकळ्या जागा निर्माण कराव्यात आणि उरलेली वस्ती जागच्या जागी सुधारावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. कुशल शस्त्रवैद्य रोगट तेवढाच भाग काढतो, तशी ही पद्धत होय. तीत खर्च कमी येतो आणि विस्थापित होणाऱ्यांची संख्याही कमी राहते.

रिकाम्या जमिनीची मर्यादा

जुन्या भागास हात न लावता शहराबाहेर नवे नगर वसवावे, असा पर्याय अनेकदा सुचविला जातो. ग्वाल्हेरने तोही अनुभवला आहे. दिल्लीवर येणारा लोकवस्तीचा भार अन्यत्र वळविण्यासाठी राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या १९८९ मधील प्रादेशिक योजनेत ग्वाल्हेर, कोटा, बरेली, हिसार व पतियाळा ही पाच शहरे निवडण्यात आली होती. त्यानुसार ग्वाल्हेरच्या पश्चिमेस नव्या नगराची आखणी झाली. परंतु अपेक्षित वस्ती तेथे झाली नाही. रस्ते व भूखंड आखल्याने नगर वसत नाही. माणूस रोजगार, शाळा, दवाखाना, बाजार व वाहन यांच्या जवळ राहतो. म्हणूनच बांधकामाचा ओघ पुनःपुन्हा वसलेल्या शहराकडेच वळतो.

थाटीपूर व दर्पण कॉलनी

लष्कर व मोरार यांच्या दरम्यान थाटीपूर हा भाग आहे. दर्पण कॉलनी ही निवासी वसाहत याच परिसरात येते. थाटीपूर येथील जुन्या शासकीय निवासस्थानांच्या जागेचा पुनर्विकास मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळामार्फत 'पुनर्घनत्वीकरण' योजनेखाली हाती घेण्यात आला. हा शब्द बोजड असला तरी त्यामागील कल्पना सोपी आहे. विस्तीर्ण जागेवरील बैठी घरे काढून तेवढीच घरे बहुमजली इमारतींत बांधावयाची, मोकळी झालेली जमीन विकसित करून तिच्या किमतीतून बांधकामाचा खर्च भागवावयाचा. शासनाच्या तिजोरीवर भार पडत नाही, असे याचे समर्थन केले जाते.

एका काल्पनिक उदाहरणाने हा हिशेब स्पष्ट होईल. समजा, १० हेक्टर जमिनीवर २०० बैठी घरे आहेत. प्रत्येक घराच्या वाट्यास सरासरी ५०० चौरस मीटर जमीन येते. चार मजल्यांच्या व प्रत्येक मजल्यावर चार सदनिका असलेल्या १३ इमारती बांधल्यास ही सर्व कुटुंबे ३ हेक्टरांत सामावतात. रस्ते व उद्यान यांसाठी आणखी २ हेक्टर ठेवले, तरी ५ हेक्टर जमीन विक्रीयोग्य उरते. तीवर १,००० नव्या सदनिका झाल्या, तर २०० कुटुंबांच्या जागी १,२०० कुटुंबे राहू लागतील.

आता पाण्याचा हिशेब पाहावा. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांत दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण धरले जाते. कुटुंबात पाच माणसे मानल्यास पूर्वीच्या १,००० लोकांना १ लाख ३५ हजार लिटर पाणी लागत होते. नव्या ६,००० लोकांना ८ लाख १० हजार लिटर लागेल. त्यांपैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडते. म्हणजेच जवळजवळ साडेसहा लाख लिटर सांडपाणी दररोज त्याच परिसरातील वाहिन्यांत उतरणार. ग्वाल्हेरचा पाणीपुरवठा प्रामुख्याने सांक नदीवरील तिघरा जलाशयावर अवलंबून राहिला आहे, आणि लष्करातून वाहणाऱ्या स्वर्णरेखा नदीचे रूपांतर नाल्यात झालेले शहराने पाहिले आहे. अशा शहरात हे आकडे गौण मानता येत नाहीत.

शेजारच्या जुन्या वसाहतींचा प्रश्न येथेच उद्भवतो. दर्पण कॉलनीसारख्या वसाहतीतील रहिवासी अशा योजनेतील लाभार्थी नसतात व विस्थापितही नसतात. त्यामुळे योजनेच्या कागदपत्रांत त्यांचे नाव सहसा येत नाही. तथापि रस्ता तोच, जलवाहिनी तीच, गटार तेच. लोकसंख्या सहापट झाली आणि वाहिन्यांचा व्यास तोच राहिला, तर त्याची झळ प्रथम शेजाऱ्यांना लागते. जमीन विकून मिळालेल्या रकमेतून इमारतींबरोबरच परिसरातील पाणी, मलनिस्सारण व रस्ते यांची क्षमता वाढविण्याची तरतूद होणे म्हणूनच आवश्यक ठरते.

सार्वजनिक जमीन एकदाच खर्च करता येते, ही गोष्टही विसरता कामा नये. मुंबईतील गिरण्यांच्या जमिनीचा इतिहास या बाबतीत सर्वज्ञात आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ अन्वये गिरण्यांच्या जमिनीचा ठरावीक वाटा मोकळ्या जागांसाठी व सार्वजनिक गृहनिर्माणासाठी मिळावयाचा होता. २००१ मधील दुरुस्तीने हा वाटा केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीवर मोजला जाऊ लागला आणि शहराच्या पदरी पडणारी जमीन पुष्कळच घटली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती ग्राह्य ठरविली. एका व्याख्येतील बदलाने केवढा फरक पडतो, हे यावरून दिसून येते. योजनेतील शब्द नागरिकांनी बारकाईने वाचले पाहिजेत ते यासाठीच.

फेरीवाले व छोटे व्यावसायिक

बाजारपेठेच्या पुनर्विकासात सर्वांत दुर्बळ घटक म्हणजे फेरीवाले. त्यांच्यासाठी २०१४ मध्ये केंद्रीय कायदा झाला आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्रीची प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही फेरीवाल्यास हटविता येत नाही. स्थलांतर करावयाचे झाल्यास ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. नगर विक्रेता समितीत फेरीवाल्यांचे किमान ४० टक्के प्रतिनिधी असणे आवश्यक असून त्यांपैकी एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. ५० वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार मानून तेथील विक्रेत्यांस हलवू नये, असे तत्त्वही या कायद्यात नमूद आहे. महाराज बाड्यासारख्या जुन्या पेठांच्या संदर्भात ही तरतूद महत्त्वाची ठरते.

घर वा भूखंड घेणाऱ्यांसाठी

शहराजवळच्या गावांतील शेतकरी आणि निवृत्तीची पुंजी घरात गुंतविणारे शिक्षक व कर्मचारी यांचा या व्यवहारांशी थेट संबंध येतो. स्थावर संपदा कायदा, २०१६ अन्वये ५०० चौरस मीटरांहून अधिक जमिनीवरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी प्राधिकरणाकडे करणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात हे काम महारेरा पाहते. खरेदीदाराने पुढील गोष्टी अवश्य ध्यानात ठेवाव्यात :

१. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक पाहिल्याखेरीज रक्कम देऊ नये.

२. लेखी करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकास घेता येत नाही.

३. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांसाठी स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते.

४. किंमत चटई क्षेत्रावरच आकारली पाहिजे.

५. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेत दोष आढळल्यास तो विकासकाने विनामूल्य दूर करावयाचा असतो.

६. भूखंड घेताना जमीन शेतीची आहे की निवासी वापराची, अभिन्यास मंजूर आहे किंवा नाही व रस्ता प्रत्यक्ष उपलब्ध आहे काय, हे नगररचना व महसूल कार्यालयांत तपासून घ्यावे. जाहिरातीतील नकाशा हा मंजुरीचा पुरावा नव्हे.

नागरिकांचा सहभाग

महाराष्ट्रात प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविल्या जातात. ही मुदत पुष्कळदा कोणाच्या ध्यानात येण्यापूर्वीच संपून जाते. गावातील शिक्षकाने अशी सूचना वाचून तिचा अर्थ ग्रामस्थांना समजावून दिला, अधिकाऱ्याने नकाशा सुलभ जागी लावला आणि रहिवाशांनी आपले म्हणणे मुदतीत लेखी दिले, तर पुढील अनेक तंटे टळू शकतात. हरकत घेणे म्हणजे विकासास विरोध करणे नव्हे. योजनेतील उणीव वेळीच दाखवून देणे हे तिचे प्रयोजन आहे.

प्रत्येक पुनर्विकास योजनेस चार प्रश्न विचारले जावेत. आज तेथे कोण राहतो व कोण पोट भरतो? ते उद्या कोठे असतील? वाढीव वस्तीस पाणी कोठून येईल व सांडपाणी कोठे जाईल? आणि विकल्या जाणाऱ्या जमिनीच्या मोबदल्यात समाजाच्या हाती कायमचे काय उरेल? या चारही प्रश्नांची उत्तरे ज्या योजनेत आकड्यांनिशी सापडतात, ती योजना विश्वासास पात्र समजावी. लष्करच्या तळाचे शहर होण्यास अनेक पिढ्या लागल्या. त्या शहराची नवी बांधणी करताना तेथील माणसांची गणना वास्तूंच्या गणनेआधी व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.