युकुलेलीवरील मायनर ब्लूज

युकुलेली हें वाद्य दिसावयास अगदींच लहान. खेळण्यांच्या दुकानांतही तें आढळतें, आणि म्हणूनच तें केवळ हलक्याफुलक्या गाण्यांपुरतें आहे असा समज रूढ झाला आहे. १८७९ सालीं मादेरा बेटावरून हवाई बेटांतील उसाच्या मळ्यांवर काम करावयास आलेल्या पोर्तुगीज लोकांबरोबर 'माशेत' नांवाचें एक चार तारांचें वाद्य होनोलुलूस उतरलें. त्यावरून त्यांच्यांतीलच सुतारांनीं युकुलेली घडविली. ब्लूजचें कूळ निराळें. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील, १८६५ सालीं गुलामगिरींतून सुटलेल्या परंतु दैन्यांतून न सुटलेल्या कृष्णवर्णीय समाजाचें तें गाणें. हें दुःख ह्या चिमुकल्या वाद्यास पेलेल काय? माझ्या मतें पेलतें. आणि त्याचें कारण त्याच्या तारांतच आहे.

पांढरी सहा हा षड्ज माना. वाद्य छातीशीं धरलें असतां वरून खालीं मोकळ्या तारा अनुक्रमें कोमल निषाद, कोमल गंधार, पंचम व षड्ज अशा बोलतात. (वरची तार खर्जाची नाहीं, हें प्रथम चमत्कारिक वाटतें.) आपल्या धानी रागाच्या पांच स्वरांपैकीं चार येथें बोट न लावतांच मिळाले, उरला मध्यम, तो दुसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर आहे. मायनर ब्लूजची चाल मुख्यतः ह्याच पांच स्वरांत फिरते.

आवर्तन १२ खंडांचें, प्रत्येक खंडाच्या मात्रा ४. पहिले चार खंड षड्जाच्या मेळाचे. त्यास केवळ वरची तार दुसऱ्या पडद्यावर दाबावी. पांचवा व सहावा मध्यमाच्या मेळाचे: वरच्या दोन तारा दुसऱ्या पडद्यावर, तिसरी पहिल्यावर, चौथी मोकळी. सातव्या-आठव्यांत परत षड्जाकडे. नवव्यांत मध्यमाच्या मेळाचीच ठेवण घेऊन दुसऱ्या तारेवरील बोट एक पडदा पुढें सरकवावें. तेथें तीव्र मध्यम डोकावतो. दहाव्यांत वरच्या तिन्ही तारा एकेक पडदा मागें येतात (तिसरी मोकळीच होते) व चौथी दुसऱ्या पडद्यावर दाबली जाते. हा पंचमाचा मेळ. शेवटचे दोन खंड पुन्हां षड्जाचे. मात्र अखेरच्या दोन मात्रांत पंचमाचा मेळ लावला, कीं पुढील आवर्तन आपोआप खेंचलें जातें.

आतां खरी अडचण सांगतों. आपला तंबोरा हलत नाहीं. येथें चाल त्याच स्वरांत राहते आणि खालची भूमि सरकते. शिवाय पंचमाच्या मेळांत शुद्ध निषाद आहे, तर गाणारा त्याच वेळीं कोमल निषाद घेतो. रागशुद्धीस सरावलेल्या कानाला हें खटकेल. खटकूं द्यावें! दहाव्या खंडाची सारी व्यथा त्या घर्षणांत आहे. कोमल निषाद 'सुधारून' शुद्ध केला, तर गाणें नीटनेटकें होतें व मरतें.

लयीविषयीं इतकेंच, कीं मात्रेचे तीन समान भाग कल्पून पहिल्या दोहोंचा एक आघात व तिसऱ्याचा दुसरा ठेवावा. आणि हात आवरावा. ब्लूजमध्यें गायकाची ओळ चार खंडांपैकीं साधारण पहिल्या दोहोंत संपते, उरलेल्यांत वाद्य उत्तर देतें. तीच ओळ पुन्हां येते, मग तिसरी तिचा निकाल लावते. नवशिके ही मोकळी जागा भरून टाकतात. १९६९ सालीं बी. बी. किंग यांनीं ध्वनिमुद्रित केलेलें 'द थ्रिल इज गॉन' ऐकावें. षड्ज निराळा असला तरी बांधणी हीच आहे, आणि त्यांच्या गिटारीचीं उत्तरें किती थोडक्या स्वरांचीं आहेत!

गंधारास मात्र किंचित् मींड हवी, आणि मोकळ्या तारेवर ती निघत नाहीं. म्हणून चौथ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरील तार गंधार घ्यावा, व स्वर वाजल्यावर तार बोटानें हळूच बाजूस रेटावी. नायलॉनची तार फार ताणली जात नाहीं. स्वर केसभर चढला तरी पुरे.