पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न

डेटिंग ॲपवर ओळख झालेल्या एकाशी चॅटवर माझं छान जमत होतं. त्याला पहाटे सिंहगड चढायची आवड, मला जुन्या गाण्यांची. दोघंही चाळिशीतले, दोघांचेही घटस्फोट झालेले. अरे-तुरेही सहज सुरू झालं होतं. मग रविवारी सकाळी फर्ग्युसन रस्त्यावर ‘वैशाली’ हॉटेलात भेटलो आणि पहिल्याच वाक्याला दोघंही अहो-जाहोवर आलो. “तुमचं मूळ गाव कुठलं?” त्यानं विचारलं. हे मी त्याला चॅटवर केव्हाच सांगितलं होतं.

इडली-सांबार आलं आणि प्लेटशेजारचा त्याचा फोन उजळला. आमची ओळख झाली त्याच ॲपचं नोटिफिकेशन: नवा मॅच. दोघांनीही ते वाचलं. त्यानं फोन पालथा घातला आणि चटणीची वाटी उगाचच माझ्याकडे सरकवली.

ज्यांनी ही ॲप्स उघडलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. २०१२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या टिंडरनं फोटो उजवीकडे सारला तर पसंती, डावीकडे सारला तर नापसंती ही पद्धत रूढ केली. दोघांनीही एकमेकांना पसंत केलं की मॅच होतो, मग बोलता येतं. २०१४ मध्ये आलेल्या बंबलनं स्त्री-पुरुषांच्या मॅचमध्ये पहिला मेसेज बाईनंच करायचा असा नियम ठेवला होता; २०२४ मध्ये तो सैल केला. मला तो फार मोलाचा वाटायचा. पण एका वेळी अनेकांशी मॅच होणं या ॲप्सवर सर्रास चालतं.

त्यात गैर काही नाही. वधू-वर सूचक मंडळातूनही एका वेळी चार-पाच स्थळं बघतातच. मात्र तिथे ते दोन्ही घरांना ठाऊक असतं, आणि पगार किती, घर कुणाच्या नावावर, आधीचं लग्न का मोडलं याची चौकशी मामा-काका करतात. ॲपवर ती आपली आपल्यालाच करावी लागते, आणि नेमका तिथेच संकोच आडवा येतो.

म्हणून मी विचारलं, “आणखी किती जणींशी बोलताय?”

“दोघींशी,” तो म्हणाला. “भेटलोय मात्र फक्त तुम्हाला.”

त्यानंतर बोलणं मोकळं झालं. त्याची मुलगी आईकडे असते, शनिवारी त्याच्याकडे येते. पुन्हा लग्न करायचं त्याच्या मनात नव्हतं. मला करायचं होतं. पुढे काही जमलं नाही, पण कोणी कोणाला झुलवत ठेवलं नाही. अशी भेट मी चांगलीच म्हणेन.

तुम्हीही असं कोणाला भेटणार असाल, तर आधी एकदा व्हिडिओ कॉल कराच. जुने फोटो आणि खोट्या प्रोफाइल तिथेच उघड्या पडतात. जागा गर्दीची आणि आपल्या माहितीची असू द्या, कुठे जातोय ते मैत्रिणीला सांगून ठेवा. पुरुषांनीही सावध राहावं. ठरावीक हॉटेलात नेऊन हजारोंचं बिल उकळणाऱ्या टोळ्या मुंबई-दिल्लीत पोलिसांनी पकडल्या आहेत. समोरची व्यक्ती एकाच जागेचा हट्ट धरत असेल, तर सरळ नाही म्हणा.

न भेटताच कोणी पैसे मागितले, तर एक रुपयाही पाठवू नका. आणि पैसे गेलेच, तर घरी काय म्हणतील म्हणून गप्प बसू नका. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा सरकारी हेल्पलाइन क्रमांक आहे. तिथे जितक्या लवकर फोन कराल, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.